नाक्यावरची ती दहा मिनिटं

एप्रिल २०२० मधली, कोरोनाच्या लॉकडाऊनमधली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून गाडी काढली, प्रिस्क्रिप्शन खिशात होतं, आणि पेठेतल्या एका चौकात बॅरिकेडपाशी कुणी काही विचारायच्या आधीच पोटरीवर काठी बसली. माझ्यापुढं एक पोरगा कान धरून उठाबशा काढत होता आणि एकजण त्याचं शूटिंग करत होता. पोराच्या गाडीच्या हँडलला डब्याची पिशवी, त्यात वरण सांडलेलं.

तेवढ्यात एक हवालदार मॅडम आल्या, मास्क घामानं भिजलेला, त्यांनी आधी ते शूटिंग बंद करायला लावलं आणि लांब उभं राहूनच विचारलं, "दादा, डबा कुणाला?" पोरगा रडायलाच लागला, आई ॲडमिट होती त्याची.

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड पोलिसिंग म्हणतात ते मला तिथं कळलं. समोरचा आधीच घाबरलाय हे धरून चालायचं, आधी विचारायचं, आपण काय करणार ते सांगायचं, चारचौघांत लाज काढायची नाही. आपल्या पुण्यात तर १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसून तपासायचे, तेव्हा लोक भीतीनं पेशंटच लपवायला लागले होते, मग साथ कशी आटोक्यात येणार?

आणि भीती पोलिसांनाही होतीच की, त्यांच्याशी कोण बोलत होतं? निघताना मॅडम म्हणाल्या, घरी गेले तरी लेकराला जवळ घेत नाही, दारातूनच बघते.