गवताच्या फुलात तीनचा आकडा शोधताना: निरीक्षणवहीचे दुसरे वर्ष

या वर्षी नव्या जातींची यादी वाढवण्याचे काम मी जाणीवपूर्वक थांबवले. गेल्या वर्षअखेरीस वहीत नावे बरीच जमली होती; परंतु गवताच्या फुलाला फूल का म्हणायचे, असे कोणी विचारले असते तर कणिशकाचे (गवताच्या फुलोऱ्यातील छोट्या कणसाचे) भाग पाठ म्हणून दाखवण्यापलीकडे मला उत्तर देता आले नसते. म्हणून हे वर्ष एकाच प्रश्नाला दिले. एकबीजपत्री वनस्पतींच्या फुलात सहसा तीनचा हिशेब असतो: परिदलांची (पाकळ्यांसारख्या भागांची) तीन-तीनची दोन मंडले, म्हणजे कडी, पुंकेसरांची तशीच दोन आणि मध्यभागी तीन स्त्रीकेसर. हा हिशेब गवतात कुठे गेला? साधने नेहमीचीच होती: दहापट भिंग, दोन सुया, धारदार पाते आणि साधा सूक्ष्मदर्शक.

सुरुवात नातेवाइकांपासून केली. पोएलीज या गणात गवते, लव्हाळे, लव्हाळ्यासारखी दिसणारी जंकस, पाणकणीस आणि अननसाचे कुल असे वरवर फारसे न जुळणारे गट एकत्र येतात. गवतांच्या जाती सुमारे १२,००० आणि लव्हाळ्यांच्या सुमारे ५,५०० असल्या, तरी हे दोन गट सख्खे नाहीत. लव्हाळ्यांचे जवळचे नाते जंकसच्या कुलाशी आहे, तर गवतांचे जॉइनव्हिलिया आणि ऑस्ट्रेलियातील एक्डेओकोलिया या कमी परिचित वनस्पतींशी. जॉइनव्हिलिया मी केवळ छायाचित्रांत पाहिली आहे. तिच्या लहानशा फुलात सहा परिदले, सहा पुंकेसर आणि तीन कुक्षी (स्त्रीकेसराची परागकण झेलणारी टोके) स्पष्ट दिसतात. जंकसचे फूल मात्र प्रत्यक्ष उलगडले. तपकिरी, कोरडी सहा परिदले, सहा पुंकेसर आणि तीन पिळदार कुक्षी पाहताना लिलीचेच फूल वाळून आक्रसले आहे असे वाटत होते. वाऱ्यावर परागण करणाऱ्या फुलाला रंगीत पाकळ्यांची गरज उरत नाही, हे वाचून ठाऊक होते. भिंगाखाली ते पटले.

याच टप्प्यावर माझी एक जुनी चूक सापडली. गेल्या वर्षी एरॅग्रॉस्टिस हे गवत म्हणून नोंदवलेला एक वाळवलेला नमुना प्रत्यक्षात सायपरस, म्हणजे लव्हाळा, निघाला. दोघांचीही कणिशके चपटी असून त्यांतील तुषे (खवल्यांसारखी आवरणे) दोन ओळींत रचलेली असतात, त्यामुळे घाईत फसायला होते. पण सायपरसमध्ये प्रत्येक फुलाला एकच तुष असते, तर एरॅग्रॉस्टिसमध्ये लेमाच्या, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या तुषाच्या, समोर पातळ पेलिया, म्हणजे आतले तुष, असतेच, आणि दाणे गळल्यावरही ती पुष्कळदा अक्षाला चिकटून राहते. खोडाचे तीन कोन आणि पानाचे नळीसारखे बंद आवरक या खुणाही होत्याच. आता मी नाव लिहिण्यापूर्वी एक तरी पुष्पक (कणिशकातले एकेक छोटे फूल) उघडून पेलिया शोधते.

वर्षातील सर्वांत मोठा वेळ भाताच्या पुष्पकाने घेतला आणि तो योग्यच होता. लेमा आणि पेलिया अलग केल्यावर आत सहा पुंकेसर मिळतात. म्हणजे पुंकेसरांची दोन्ही मंडले शाबूत आहेत. गव्हात तीनच उरतात. पुंकेसरांच्या तळाशी, लेमाच्या बाजूला, दोन मांसल, जवळजवळ पारदर्शक खवले असतात, ती लॉडिक्यूले. ती पाणी शोषून फुगतात आणि लेमाला बाहेर ढकलून पुष्पक उघडतात. थोड्या वेळाने ती सुकतात आणि पुष्पक पुन्हा मिटते. ही लॉडिक्यूले म्हणजे आतल्या मंडलातील परिदलेच, याला जनुकांचाही पुरावा आहे. इतर फुलांत पाकळ्या आणि पुंकेसर घडवणाऱ्या जनुकांच्या गटातील एक जनुक भाताच्या ‘सुपरवुमन’ या उत्परिवर्तित वाणात बिघडलेले असते. त्यात पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर येतात आणि लॉडिक्यूलांच्या जागी पेलियासारखे अवयव. पेलियाला दोन कणे असतात, म्हणून बाहेरच्या मंडलातील दोन परिदले जुळून ती झाली असावी, असे एक मत आहे. मला ते आकर्षक वाटते, परंतु वहीत ते मत म्हणूनच लिहिले आहे.

मध्यंतरी पानांकडेही वळले. मक्याच्या पानाचा हाताने घेतलेला आडवा छेद पातळ येईपर्यंत बरीच पाने वाया गेली. अखेर शिरांभोवती गडद हिरव्या पेशींचे कडे दिसले. सी-४ प्रकाशसंश्लेषणाची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात बांधण्याच्या पद्धतीची, ही क्रान्झ रचना. दुपारी तोडलेले पान गरम स्पिरिटने रंगहीन करून आयोडीन दिले, तेव्हा स्टार्चमुळे तेच कडे काळसर झाले. गव्हाच्या पानात असे कडे नाही आणि शिरांमधील अंतरही जास्त आहे. गवतांत ही व्यवस्था वीसपेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे, त्यामुळे केवळ तिच्यावरून नाते जोडता येत नाही.

पानांतील सिलिकाकणांचे काम अजून प्राथमिक आहे. मक्याच्या गटात ते डंबेलसारखे, तर हरळीच्या गटात खोगिरासारखे असतात. याच कणांनी गवतांचा इतिहास मागे ढकलला: महाराष्ट्रातील पिसदुरा येथील डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत अनेक प्रकारच्या गवतांचे सिलिकाकण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे डायनासोरांचा शेवटचा, क्रिटेशस कालखंड संपण्यापूर्वीच गवतांच्या शाखा फुटू लागल्या होत्या.

आतल्या मंडलाचा तीनचा हिशेब पूर्ण करणारे तिसरे लॉडिक्यूल मात्र सतत हुलकावणी देत होते. बहुतेक गवतांत पेलियाच्या बाजूचे हे खवले नाहीसे झालेले असते. बांबूंमध्ये ते सहसा टिकून आहे, पण बांबूचा फुलोरा हवा तेव्हा मिळत नाही. अखेर वाळलेली काही कणिशके हाती आली. गरम पाण्यात ती मऊ केली आणि पहिली दोन पुष्पके सुईखाली फाटली. तिसऱ्यात पेलिया हळूच मागे ओढल्यावर तिच्या तळाशी, इतर दोघांहून अरुंद आणि कडेला बारीक केस असलेले खवले दिसले. त्याचे रेखाटन भाताच्या पुष्पकाशेजारच्या कोऱ्या पानावर केले आहे.