नवा जीपीएस घेऊन बेटापर्यंत: बसवण्याची खटपट आणि पाण्यातली परीक्षा

बोट धक्क्याला बांधलेली असताना नवा जीपीएस हमखास उत्तम चालतो. इंजिन बंद, बॅटरी भरलेली, पाणी शांत, वर मोकळं आकाश. नापास व्हायला त्याला काही कारणच नसतं. म्हणून यंत्रणा बसवून झाल्यावर आम्ही मुद्दाम एक फेरी आखली. पहाटे बंदर सोडायचं, ३५ सागरी मैलांवरच्या बेटाच्या आडोशाला रात्री नांगर टाकायचा आणि परतीचा बराचसा रस्ता अंधारात कापायचा. मार्ग पाठ असलेला, हवामान चांगलं, होकायंत्र आणि कागदी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, हाताशी. यंत्र पार बंद पडलं असतं तरी आम्ही परत आलोच असतो. चाचणीसाठी अशीच फेरी निवडा. अनोळखी किनाऱ्याकडे जाताना नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची नसते.

बोट ९ मीटरची, फायबरची, एका डोलकाठीची. मालक माझा मित्र. वायरिंग त्याच्याकडे, ड्रिल आणि सीलंट माझ्याकडे, अशी वाटणी होती.

पहिली परीक्षा धक्क्यावरच झाली, इंजिन सुरू करताना. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दाणकन खाली येतं. प्लॉटर, म्हणजे जीपीएसची जागा चार्टवर दाखवणारं स्क्रीनचं यंत्र, त्याच बॅटरीवर असेल तर तो बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि हे नेमकं इंजिनची तातडीने गरज पडते तेव्हा घडतं. आम्ही तो दिव्यांच्या बॅटरीवर, स्वतंत्र ब्रेकरवरून घेतला होता. स्टार्टर घरघरला, स्क्रीन ढिम्म हलली नाही. पुढे गेलो.

वायरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बसवलेल्या जीपीएसच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा उपग्रहांत नसून वायरीत सापडतं. प्लॉटर २ अँपिअर घेतो आणि पॅनेलपासून ५ मीटरवर आहे असं धरा. करंट जाऊन परत येतो, म्हणजे हिशेबाला वायर १० मीटर. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो; १.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टही जात नाही. १२ व्होल्टच्या बोटीत अशा उपकरणांसाठी ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत घट ठेवायची असते. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खारट हवेत आवरणाच्या आतून काळं पडत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जोड नीट क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवलेले हवेत. नुसता सोल्डर केलेला जोड कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीने त्याच्या कडेला वायर तुटते. फ्यूज मी सवयीने प्लॉटरच्या मागे लावायला निघालो होतो, तर मित्र म्हणाला, "अरे, तो वायरीसाठी असतो. बॅटरीकडच्या टोकाला लाव." बरोबरच होतं. मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर प्लॉटरमागच्या फ्यूजच्या अलीकडचा, बॅटरीकडचा तुकडा संरक्षणाविनाच राहतो.

बंदराच्या तोंडाशी आलो तेव्हा स्क्रीनवरची आमची बोट लाटारोधक भिंतीवर चढलेली दिसत होती. डोळ्यांसमोर मात्र भिंत डावीकडे सुरक्षित अंतरावर होती. रिसीव्हर बिघडलेला नव्हता. जीपीएस जागा देतो ती डब्ल्यूजीएस ८४ या मापनाधारावर, म्हणजे पृथ्वीवरच्या जागा मोजण्याच्या एका ठरलेल्या चौकटीवर, तीही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या अचूकतेने. पण चार्टमागचं सर्वेक्षण जुनं असेल, किंवा आधी वेगळा आधार वापरून केलेलं असेल, तर जमिनीची रेघच सरकलेली असते. बाहेर पडताना हा फरक कुठल्या दिशेला आणि किती आहे ते वहीत टिपून ठेवा. अंधारात त्याच तोंडातून आत यायचं असतं, आणि तेव्हा भिंत दिसत नाही.

भिंत ओलांडली आणि मतलई वाऱ्यावर शीड चढवलं. आता अँटेनाची पाळी.

जुन्या रिसीव्हरची अँटेना आधीच्या कारागिराने डोलकाठीच्या टोकाला लावली होती. उंच म्हणजे चांगलं, हा समज व्हीएचएफसाठी, म्हणजे बोलण्याच्या रेडिओसाठी, खरा आहे, कारण तिथे क्षितिजापलीकडे पोचायचं असतं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर आहेत. त्यात दहा मीटरची भर घालून काय मिळणार? उलट तोटा होतो. १० मीटर उंचीवरची अँटेना बोट दोन्ही बाजूंना १० अंश कलते तेव्हा साडेतीन मीटर इकडून तिकडे झुलते. रिसीव्हरला ही हालचाल बोटीचीच वाटते. वेग आणि दिशेचे आकडे उड्या मारतात, आणि ऑटोपायलट त्यांच्यावर चालत असेल तर सुकाणू उगाच डावं-उजवं करत बसतं. आम्ही नवी अँटेना पिछाडीच्या कठड्यावर, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर लावली. आडव्या लाटा सुरू झाल्या तरी दिशेचा आकडा दोन-तीन अंशांच्या आत राहिला. जागा निवडताना पाहायचं ते असं: वर आकाश मोकळं हवं, रडारच्या झोतात ती यायला नको, व्हीएचएफच्या अँटेनापासून किमान मीटरभर लांब हवी, आणि दोर ओढताना कुणाचा हात किंवा पाय तिला लागायला नको. फायबरच्या छताखालीही सिग्नल येतो, धातू आणि कार्बन फायबरच्या खाली मात्र येत नाही.

खुल्या पाण्यात आल्यावर मित्राने व्हीएचएफ पूर्ण २५ वॅटवर ठेवून बंदराशी रेडिओ चाचणी केली आणि मी तेवढा वेळ स्क्रीनवरच्या, उपग्रहांच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवून होतो. मग एलईडी दिवे, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, एकेक चालू-बंद. पट्ट्या हलल्या नाहीत. हे कंटाळवाणं काम आहे, पण करा. सगळं एकदम चालू केलंत तर गुन्हेगार सापडत नाही.

होकायंत्राची गोष्ट मात्र बसवण्याच्या आधीची. प्लॉटरसाठी सुकाणूसमोरच्या फळीला भोक पाडायचं होतं आणि होकायंत्र त्याच फळीवर आहे. करवत हातात घेण्याआधी मी चालू प्लॉटर हातात धरून हळूहळू होकायंत्राकडे नेला. हातभर अंतरावर काही नाही. वीतभर राहिलं तेव्हा तबकडी सुस्तपणे सरकायला लागली आणि ८ अंशांवर जाऊन थांबली. मागे नेला, ती परत आली. नियमावलीत सुरक्षित अंतर दिलेलं असतं, पण ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की भोक कुठे पाडायचं याचा वाद उरत नाही. प्लॉटरपेक्षा त्यातला स्पीकर आणि चुंबकाने चिकटणारं झाकण जास्त त्रास देतात. होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींत पिळून न्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. भोकाचा कागदी साचा चिकटपट्टीने लावून दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. उभं राहून, बसून, शीड आडवं आलं असताना तिथून स्क्रीन दिसते का ते कळतं. बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असलेल्या डेकमध्ये स्क्रू घालायचा तर भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि त्या इपॉक्सीत नवं भोक पाडा. नाहीतर गाभ्यात पाणी मुरतं आणि डेक आतून कुजतो.

साधारण अर्ध्या वाटेवर ओहोटीची ओढ आडवी लागली. होकायंत्रावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, २४० अंशांवर, प्लॉटरवर मार्ग २२८. नवख्या माणसाला इथे वाटतं की दोनांपैकी एक खोटं बोलतंय. दोन्ही खरं बोलत असतात. होकायंत्र बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगतं, साधा जीपीएस बोट प्रत्यक्षात कुठे सरकतेय ते सांगतो, आणि मधला फरक पाण्याचा आणि वाऱ्याचा असतो. बोट थांबलेली असताना तर साध्या जीपीएसला दिशा कळतच नाही. बाण भरकटल्यासारखा गरगरतो. रडारचं चित्र चार्टवर चढवायचं असेल किंवा ऑटोपायलट जोडायचा असेल तर वेगळा दिशा-संवेदक लावावाच लागतो. तुलना करण्याआधी प्लॉटर चुंबकीय उत्तरेवर आहे की खऱ्या, हे सेटिंगमध्ये पाहून घ्या.

सेटिंगचा विषय निघालाच आहे तर अक्षांश-रेखांशांचं रूप तपासा. एक यंत्र अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश दाखवतं, दुसरं अंश, मिनिटं, सेकंद. कुणी रेडिओवर "३० सेकंद" सांगितलं आणि तुम्ही .३० मिनिट टाकलंत तर अक्षांशात ०.२ मिनिटांची चूक होते, म्हणजे ३७० मीटर. खडकाच्या बाजूने जाण्याऐवजी खडकावर जायला तेवढं भरपूर आहे. सगळी यंत्रं एकाच रूपात ठेवा. आणि वेपॉइंट, म्हणजे मार्गातला ठरवलेला बिंदू, नेमका बोयावर (पाण्यात तरंगणाऱ्या खुणेवर) ठेवू नका. जीपीएस इतका अचूक असतो की तुम्ही खरोखरच बोयावर जाऊन आदळाल, आणि समोरून येणाराही त्याच बिंदूकडे निघालेला असेल.

दुपारी, चहूकडे खोल पाणी असताना, आम्ही अँटेनाची केबल मुद्दाम काढली. याला कारण आहे. १९९५ च्या जूनमध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जात होतं. जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली, रिसीव्हर गुपचूप अंदाजे गणितावर गेला, आणि जहाज ३० तासांहून जास्त वेळ त्या गणितावर चालत राहिलं. नॅन्टकेटजवळच्या वाळूत रुतलं तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून १७ मैल बाजूला होतं. सूचना स्क्रीनवर होती, पण बारीक अक्षरात. आपला प्लॉटर अशा वेळी काय करतो हे म्हणून आधीच पाहून ठेवायचं. आमचा बाण काही क्षण त्याच वेगाने पुढे सरकत राहिला, अगदी खात्रीने, मग पिवळा झाला आणि शिटी वाजली. शिटीचा आवाज इंजिनच्या वर ऐकू येत नव्हता. मोठा केला.

माणूस पाण्यात पडल्यावर दाबायचं बटणही वापरून पाहा. आम्ही एक फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लावायची हवा भरलेली उशी, पाण्यात टाकला आणि बटण दाबलं. वळून खुणेपाशी आलो, तर फेंडर तिथे नव्हता, चांगलाच वाहून गेला होता. खूण जमिनीशी बांधलेली असते, माणूस पाण्याबरोबर जातो. त्यामुळे एकाने त्याच्याकडे हात रोखून, नजर न हलवता उभं राहायचं, हा जुना नियम बटण असलं तरी सुटत नाही.

बेटाजवळ येताना चार्ट पूर्ण आत झूम करून सगळा मार्ग नजरेखालून घातला. दूरून पाहिलं की इलेक्ट्रॉनिक चार्ट बारीक तपशील लपवतो. २०१४ मध्ये व्होल्व्हो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतली 'टीम वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर आदळली, त्यात झूमचा हाच मुद्दा होता.

नांगराच्या गजराची खूण नांगर तळाला टेकतो त्या क्षणी लावा, बोट मागे ओढली गेल्यावर नव्हे. वर्तुळात साखळीची लांबी, अँटेनापासून नाळेपर्यंतचं अंतर आणि थोडी मोकळीक धरा. आमची अँटेना पिछाडीला, म्हणजे बोटीची जवळजवळ पूर्ण लांबी त्यात आली. रात्री वारा फिरला, बोट अर्धवर्तुळ फिरून आली, गजर वाजला नाही.

परतीला निघालो तेव्हा उजाडायला बराच अवकाश होता. रात्रीचा मोड लावूनही स्क्रीन डोळ्यांत खुपत होती. उजेड अगदी तळाला आणल्यावरच समोरचे दिवे दिसायला लागले. कमीत कमी उजेड किती हे खरेदीच्या वेळीच अंधाऱ्या खोलीत पाहून घ्यावं. दिवसाच्या उन्हात किती दिसतं एवढंच सगळे पाहतात. दर तासाला कागदी चार्टवर जागा आणि वेळ लिहीत होतो. उपग्रहांची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, तेव्हा नोंद कुठल्या वेळेत करायची ते आधी ठरवा.

यंत्रं एनएमईए २००० च्या, म्हणजे बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या वायरीच्या जाळ्यावर असतील तर परतल्यावर वीज बंद करून मल्टिमीटरने पांढऱ्या आणि निळ्या वायरीमधला रोध मोजा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक) नीट बसलेले असतील तर ६० च्या आसपास येतो. १२० आला तर एक टर्मिनेटर नाही किंवा वायर तुटली आहे. ४० आला तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. आमचा ६१ आला. अँटेनाच्या केबलची डेकखालची गुंडाळी मात्र लाटांनी सैल होऊन इंजिनच्या पट्ट्यापर्यंत लोंबत आली होती. तिला आता दर वीतभर अंतरावर पट्टी मारायची आहे, आणि केबल डेकमधून आत शिरते तिथे बाहेरच्या बाजूला एक खालचा झोळ ठेवायचा आहे, म्हणजे पाणी तिच्यावरून घरंगळत आत न येता झोळातून ठिबकून जाईल.