चंदन-वंदनची धार, वणव्याच्या दिवसांत

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की उन्हाळा लागला, असं आम्ही सोलापूरकर धरून चालतो. शहाणी माणसं तेव्हाच ट्रेकचे बूट माळ्यावर टाकतात. आमच्या टोळीला मात्र डोंगर आठवला तो ऐन मार्चमध्ये. साताऱ्याकडची एखादी लांब धार गाठायची, एका टोकाने चढायचं आणि दुसऱ्या टोकाने उतरायचं, असं पार्क चौकात चहा पिताना ठरलं. त्या डोंगराचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आम्ही गेलोच नाही. तिकडच्या ओळखीच्या एका काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, तो उतार परवाच जळालाय. वाटा बंद केल्यात."

मग नकाशा पुन्हा उघडला. बंद केलेल्या वाटांच्या शेजारून एक सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, सरळ वर जात होती आणि तिच्याबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं. "ही तर चालू आहे की बे!" आमच्यातला एकजण म्हणाला. खरी वादावादी इथून सुरू झाली. माझं मत असं, की बंद वाटेपेक्षा तिच्या शेजारची उघडी वाट जास्त विचार करायला लावते. जळून गेलेल्या उतारावर जळायला उरतं काय? शेजारच्या सोंडेवर मात्र कमरेएवढं वाळलेलं गवत तसंच उभं असतं.

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 ला ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि विसाहून जास्त जण गेले. तेही आपल्यासारखेच नोकरीधंद्यातले लोक होते, सुट्टी काढून डोंगरात आलेले. भोवती वाळलेलं गवत, वर तीव्र चढ आणि मार्च महिना. यातलं काय आपल्याकडे नाही?

वणवा चढावर धावतो हे ऐकून माहीत असतं, पण किती धावतो ते कळलं की धारेकडे बघायची नजरच बदलते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब वणवा विझवणारी माणसं धरतात. ज्वाळा वरच्या बाजूला कलतात, पुढचं गवत आधीच तापवून कोरडं करतात आणि मग ते नुसतं लागायचा अवकाश. माणसाचं बरोबर उलटं, चढ आला की आपला वेग निम्मा. त्यात घळ म्हणजे धुराडंच, खालून आत शिरलेली आग थेट माथ्यावर निघते. खिंडीत तर वारं कोंडून येतं. आणि आपण नेमके घळीने चढतो आणि खिंडीत डबा उघडून बसतो.

उपग्रहाच्या नकाशाचीही एक गंमत. आगीचे लाल ठिपके दाखवणारी संकेतस्थळं आता कुणालाही बघता येतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे इशारे नोंदणी केली तर मोबाईलवरही येतात. आम्ही नकाशा उघडला तर साताऱ्याचे डोंगर राहिले बाजूला, आमच्या सोलापूर जिल्ह्यातच ठिपक्यांचा सडा! सगळे ओळीने ऊसपट्ट्यात. वणवा कसला, ऊस तुटल्यावर पाचट पेटवलेलं. म्हणजे ठिपका दिसला की आधी खाली डोंगर आहे की उसाचा फड ते बघायचं. शिवाय एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, आग त्यात कुठेही असू शकते. आणि या ठिपक्यांचे उपग्रह डोक्यावरून जातात ते दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. दुपारी तीनला कुणी काडी टाकली तर नकाशाला ती कळायला मध्यरात्र उलटते. नकाशा कोरा आहे म्हणून निघू नये. त्यापेक्षा पायथ्याच्या गावात एक फोन करावा.

तसा फोन केला आणि चंदन-वंदन ठरलं. वाई तालुक्यातले हे दोन जोडकिल्ले, मधे खिंड. एका अंगाचं रान पंधरवड्यापूर्वीच जळून गेलंय आणि बेलमाचीकडच्या अंगाला गुरं चरून गवत आखूड झालंय, असं कळलं. म्हणजे धारेवरून दोन्हीकडे उतरायला जागा होती, आणि अगदीच वेळ आली तर त्या जळून काळ्या झालेल्या रानात शिरता येणार होतं. विझून थंड झालेल्या जागेइतकी सुरक्षित जागा वणव्यात दुसरी नाही.

सामानात आम्हा सोलापूरकरांची चैन असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली की स्टोव्ह नको, काडेपेटी नको, चूल तर नकोच. कपड्यांवरून मात्र भांडण झालं. आमचा चादरीच्या धंद्यातला मित्र एकाच्या चकचकीत जर्सीला हात लावून म्हणाला, "सोलापुरात राहून पॉलिस्टर घालतोस होय बे?" त्याचं बरोबर होतं. असलं कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. सगळ्यांनी जाडे सुती कपडे आणि प्रत्येकी चार लिटर पाणी घेतलं. गडावर टाकी आहेत, पण मार्चमध्ये त्यांच्या भरवशावर कोण राहणार?

मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत रात्रभर गाडी चालवली. पहाटे किकलीत भैरवनाथाच्या देवळाजवळ पाय मोकळे केले. बॅटरीच्या उजेडात तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघण्यासारखे आहेत, एकदा दिवसा जाऊन नीट बघा. फटफटायच्या आत चढ सुरू केला. दिवस तापला की वारं डोंगराच्या अंगाने वर यायला लागतं, त्याआधी खिंड मागे टाकायची असं ठरलं होतं. खिंडीत कुणालाही बसू दिलं नाही. शिव्या खाल्ल्या.

काळं रान वंदनकडे जाताना लागलं. कुसळीचे ठोंब जमिनीलगत जळून टोकदार खुंट झालेले, पाय पडला की करकर वाजायचे. राखेत गोगलगायींचे शंख पडले होते, पांढरेफट्ट. एक उचलला तर बोटांत चुरा झाला. मधूनच एखाद्या ठोंबाच्या पोटातून बोटभर हिरवा कोंब निघालेला. आग लावली की गवत चांगलं येतं, ही समजूत याच कोंबावर उभी आहे. खरं तर मुळं जिवंत असतात म्हणून तो येतो. जळतात ती वीतभर वाढलेली रोपं आणि जमिनीवरची घरटी.

वंदनच्या माथ्यावरून वैराटगड, पांडवगड, कल्याणगड, जरंडेश्वर असं सगळं दिसायला हवं. आम्हाला धुरकट हवेत निम्मंच दिसलं. दोन ठिकाणी धूर उठत होता, दोन्ही खाली शेतात. तरी उतरेपर्यंत एकाची नजर तिकडेच होती.

उतरताना दोन वनमजूर भेटले, हातात हिरव्या डहाळ्या, अंगाला राखेचा वास. डोंगरउतारावरची मोकळी पट्टी दाखवून एकजण म्हणाला, "ही जाळरेषा. गवत वाळलं की आम्हीच जाळून ठेवतो. आग हितं आली की थांबती. वारं असलं तर उडी मारती." राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे. पण लावणारा सापडतो कधी, असं विचारलं तर दोघंही नुसते हसले. धूर दिसला तर 1926 ला फोन करा, म्हणाले. तो नंबर तिथेच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून टाकला.

मूळ ठरलेल्या धारेचं विचारलं तेव्हा दोघांनीही पावसाळ्यात जाऊ नका म्हणून बजावलं. गवत जळून उघडी पडलेली माती पहिल्या पावसात सुटते आणि वरचे दगड वाटेवर येतात. आमच्यातल्या एकाने जुलैची तारीख आधीच ग्रुपवर टाकली होती. ती परतीच्या वाटेवर म्हसवडला चहा घेताना काढून टाकली आणि दिवाळीनंतरची घातली. तेव्हा गवत उंच असतं, पण अजून पुरतं वाळलेलं नसतं.