265 घोडे गेले कुठे?

"इंजिन खोला. ताकद गेलीय तिची," म्हणत मालकांनी रोलरवरच्या चाचणीचा कागद माझ्यापुढे धरला. गाडी 1961 ची जॅग्वार ई-टाइप, 3.8 लिटरची. पुस्तकात 265 हॉर्सपॉवर, कागदावरचा आकडा त्याच्या कितीतरी खाली. शेजारच्या रॅम्पवर त्यांच्या मित्राची 1965 ची पोर्शे 911 उभी होती. इंजिन दोन लिटरचं, पुस्तकात 130. तिचाही आकडा खाली आला होता, पण थोडाच. म्हणजे दोष आपल्याच गाडीत, हा त्यांचा हिशेब.

बरं चाललेलं जुनं इंजिन खोलायचं माझ्या जिवावर येतं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, तपासलं. सहाही सिलिंडर चांगले आणि जवळपास सारखे. मग त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, "साहेब, दोन्ही पुस्तकांतली मापं वेगळी आहेत."

जॅग्वारचे 265 'ग्रॉस' पद्धतीचे. त्यात इंजिन स्टँडवर चढवून मोजायचे. पंखा, एअर फिल्टर, गाडीतला सायलेन्सर असं ताकद खाणारं काही त्याला जोडलेलं नसायचं. पोर्शेचे 130 जर्मन डीआयएन पद्धतीचे, म्हणजे गाडीत जे जोडलेलं असतं ते जागेवर ठेवून मोजलेले. वर दोन्ही आकडे क्रँकशाफ्टवरचे, म्हणजे थेट इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचे, आणि आमचे रोलर मोजतात चाकांवर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलनं आपला वाटा घेतल्यानंतर. हे शेजारी शेजारी मांडून 'दुप्पट ताकद' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यापायी धडधाकट इंजिनं खोलली जातात.

पण त्यांची एक तक्रार खरी होती: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडायची. तिला एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग. मागच्याचं डॅम्पर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनची उडी आवरणारा भाग, काढून पाहिलं तर आत तेलाचा थेंब नाही. तेल नसलं की पिस्टन झटकन वर उडतो, मिश्रणात ऐन गरजेच्या वेळी पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. तेल भरलं, तिन्ही कार्ब्युरेटर जुळवले. काम अर्ध्या तासाचं.

संध्याकाळी दोन्ही गाड्या एकाच घाटातून चालवल्या. जॅग्वारचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, सुमारे 350 न्यूटन-मीटर, पोर्शेचा 174, आणि हा फरक मात्र पाठीला कळतो. जॅग्वार तिसऱ्या गिअरमध्येच चढ चढून जाते. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज बसू देणारी रचना) नाही, बाकीचेही दमानं टाकावे लागतात. 911 ला पाच गिअर आहेत आणि ते सतत बदलत राहावे लागतात. तिची पूर्ण ताकद इंजिन मिनिटाला 6100 फेरे घेतं तेव्हा मिळते. पण वजन 1080 किलो, त्यामुळे वळणात ती जॅग्वारपेक्षा चपळ. फक्त वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, शेपूट बाहेर यायला वेळ लागत नाही. 1969 च्या मॉडेलला पोर्शेनं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 57 मिलिमीटरनं वाढवला, तो उगाच नव्हे.

मला रोज चालवायला द्याल तर मी पोर्शे घेईन. त्या संध्याकाळी मात्र जॅग्वारमधून उतरावंसं वाटत नव्हतं.

परत आल्यावर मालकांनी तोच कागद मागून घेतला, आकड्यापुढे स्वतःच्या हातानं 'चाकांवर' असं लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवला.