कार्ड खयचा घेव?

"दादा, कार्ड खयचा घेव?" देवगडात पीसी जोडायला निघालेली पोरं माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन, की ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं. दिवसा कोडिंग, रात्री गेम, आणि खिशात मोजके पैसे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. कार्डाकडे येऊच, पण सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करू.

आमचं घर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. खाली सगळा जांभा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. पीसीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात ना, त्या यामुळेच. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून किंचित करंट पत्र्यावर उतरत असतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो तुमच्या बोटांतून वाट शोधतो. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास हवं, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घ्या आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओता.

हे मी नुकसान सोसून शिकलो. मे 2021मध्ये तौक्ते वादळ आलं आणि लाईट गेली ती कित्येक दिवस. परत आली तेव्हा बल्ब एकदम भगभगले, आणि माझ्या पहिल्या मशीनचा पॉवर सप्लाय जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. सप्लाय स्वस्तातला होता. तिथे वाचवलेले पैसे मी कार्डात घातले होते. उघडून बघितलं तर एका कपॅसिटरचं डोकं फुगून फुटलेलं, खाली तपकिरी डाग, आणि जळक्या वार्निशचा वास. तो बोर्ड मी अजून ठेवलाय. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी तोच देतो.

आताच्या मशीनचा हिशेब सांगतो. प्रोसेसर रायझन 5 7600, भरात असताना 88 वॅट. कार्ड आरटीएक्स 3060, 12 जीबी मेमरीवालं, 170 वॅट. बोर्ड, पंखे, एसएसडी धरून सव्वातीनशेच्या आसपास. त्याला चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा गोल्ड, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, सप्लाय पुरतो. यूपीएस मात्र 600 व्हीएचा आणू नका. त्यातून बहुधा 360 वॅटच मिळतात. त्यावर मॉनिटर जोडला की ऐन गेममध्ये लाईट गेल्यावर यूपीएसही मान टाकतो. 1000 व्हीएचा घ्या, जमलं तर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईनसारखी सुरळीत वीज देणारा.

कार्ड 12 जीबीचं घेतलं कारण मला घरी एआयची मॉडेलं चालवायची असतात. कार्डातली मेमरी अपुरी पडली की कार्डाचा वेग वाया जातो, आणि क्युडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर, लिहिलेल्या कोडला एनव्हिडियाच लागतं. नुसतं खेळायचं असेल तर एएमडीचीही कार्डं जरूर बघा. रॅम 16 जीबीच्या दोन स्टिक.

7600 मला आवडतो तो आणखी एका कारणासाठी. त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड वॉरंटीत घाटावर पाठवलं तर परत यायला आठवडे लागतात, पण तोवर माझं काम थांबत नाही. इंटेलच्या एफ अक्षरवाल्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, म्हणून थोडे पैसे वाचत असले तरी तो इथे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला खारा वारा. पहिल्या पावसाळ्यानंतर पॅनेल काढलं तर स्क्रूच्या खाचांत तांबूस भुकटी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पूड. मशीन समुद्राकडच्या खिडकीखाली होतं. आता ते आतल्या खोलीत आहे. पावसाळ्यात त्याच्यावर प्लॅस्टिक घालत नाही. उलट रोज तासभर चालू ठेवतो, आत ऊब राहिली की ओल धरत नाही.

आणि ऑक्टोबरात दुपारचे ढग दाटून आले की प्लगबरोबर राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. शेजारच्या काकांनी प्लग काढला होता. वीज केबलमधून आली.