आमची वाटचाल : घडीवर घडी

इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये आमची छोटीशी बेकरी आहे. खारी, पॅटिस, क्रीम रोल, सफरचंदाची पेस्ट्री, सगळं बिनअंड्याचं. सुरुवात घरातच, एका लहान ओव्हनवर झाली.

धंदा करायचं मनातही नव्हतं. मुलं शिकायला पुण्याला गेली, पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि माझी झोप उडाली. छातीत धडधडायचं, फोन वाजला तरी दचकायला व्हायचं. डॉक्टरांचे उपचार चालू होतेच, पण हातांना काम हवं होतं. दिवाळीचे चिरोटे घरात मीच करायची. साटा लावून घड्या घालताना जीव रमतो हे ठाऊक होतं, म्हणून पफ पेस्ट्री शिकायला घेतली.

चिरोट्यात तूप आणि पिठीचा साटा असतो. इथे मैद्याच्या पोळीत बटरची अख्खी लादी गुंडाळायची. लाटायचं, तीनपदरी घडी घालायची, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, पुन्हा लाटायचं. अशा सहा घड्यांत बटरचे ७२९ पदर होतात. ओव्हनमध्ये बटरमधल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पदर वर उचलते.

खरी परीक्षा बटरची. लादी बोटानं दाबून बघायची: ठसा उमटला पाहिजे, बोट रुतता कामा नये. फार गार असेल तर लाटताना आतल्या आत तुकडे पडतात. ऊब लागली तर पिठात मुरतं आणि पदर सुटतच नाहीत. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि आमचा मे महिना चाळिशी पार करतो! त्यामुळे उन्हाळ्यात लाटण्याचं सगळं काम पहाटे. मार्जरीन एवढ्या लवकर पातळ होत नाही, काम सोपं होतं, पण ते टाळूला चिकटतं. आम्ही बटरच वापरतो.

त्या अर्ध्या तासात पिठाला काही करायचं नसतं, मलाही नसतं. हे पटायला वेळ लागला. आधी मी सारखा फ्रिज उघडून बघायची. मग खुर्ची ओढून नुसती बसू लागले, आणि एक दिवस लक्षात आलं की धडधड थांबली आहे. औषधाचा वाटा आहेच, पण घड्यांचाही आहे, असं मी मनापासून मानते.

पूर्वी गिऱ्हाइकाचा फोन आला की मी तो यांच्या हातात द्यायची. गणेशोत्सवात कॉलनीतल्या मुलांनी विचारलं, “काकू, आरतीपर्यंत गरम पॅटिस मिळतील ना?” मी कोणाला न विचारता “मिळतील” म्हणाले. घड्या घालून लाटलेल्या पिठाची शीट तयार होती, हाताला तिचा अंदाज होता. खारी महाग का, असं कोणी विचारलं तर आता बटरचा भाव सांगते. किंमत कमी करत नाही.

कामाला येणाऱ्या मुलींच्या हाती मी पहिल्या दिवशी लाटणं देत नाही, बटर दाबून बघायला लावते. ऑर्डर एक दिवस आधी घेतो. आज सांगून आज हवी असलेली, कितीही मोठी असली तरी, घेत नाही.