तुम्ही विचारलंत म्हणून : घोडा कोणता, की भाव काय?

नोव्हेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू झाला की शेजारचे काका, कचेरीतले सहकारी आणि एरवी सणासुदीलाच फोन करणारे नातलगही मला एकच प्रश्न विचारतात : ‘रविवारी कोणता घोडा लागणार?’ त्यावर मी ‘भाव काय आहे?’ असे विचारतो आणि बहुतेकांचा हिरमोड होतो. ही टाळाटाळ नाही. जिंकणारा घोडा ओळखणे आणि पैजेत पैसे सुटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

समजा, सहा घोड्यांच्या शर्यतीत फेव्हरिटचा, म्हणजे लोकांचा सर्वाधिक भरवसा असलेल्या घोड्याचा, भाव ४/५ आहे, म्हणजे शंभर लावले तर ऐंशी नफा. त्याच्या मागच्या शर्यती चाळून आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, त्याची चाल पाहून माझे मत झाले की हीच शर्यत दहा वेळा धावली तर तो पाच वेळा पहिला येईल. इतर पाचांपेक्षा तो सरस आहे, यात वाद नाही. तरीही दर वेळी शंभर लावले तर पाच विजयांचे चारशे मिळतात आणि पाच पराभवांत पाचशे जातात. त्याच शर्यतीत ६/१ भावाचा (शंभरावर सहाशे नफा) एक घोडा दहांतून दोनदाच येईल असे मला वाटते. त्याच्यावर बाराशे मिळतात, आठशे जातात आणि चारशे हातात उरतात. अर्थात आठ वेळा तिकीट फाडून टाकण्याची तयारी हवी, आणि ती फार थोड्यांपाशी असते.

प्रत्येक भावात शक्यतेचा एक आकडा दडलेला असतो, म्हणजे घोडा किती टक्के वेळा आला तर पैसे नुसते फिटतील : ४/५ म्हणजे ५५.६ टक्के, ६/१ म्हणजे १४.३ टक्के. उरलेल्या चौघांचे भाव ३/१, ८/१, १०/१ आणि २०/१ असतील, तर सहाही आकड्यांची बेरीज जवळजवळ १२० भरते, आणि शंभरावरचे ते वीस म्हणजे बुकीची कमाई. टोटवर, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा होतात त्या खिडकीवर, शर्यती भरवणारा क्लब आधी आपला हिस्सा कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. तिथला भाव गर्दीच ठरवते आणि खिडकी बंद होईपर्यंत तो हलत राहतो.

म्हणून मी फळ्यावरचे भाव पाहण्याआधी रेसच्या पुस्तकात प्रत्येक घोड्यापुढे पेन्सिलीने माझा टक्का लिहून ठेवतो, कारण भाव एकदा दिसला की मन त्याच्याच बाजूने कौल देऊ लागते. माझ्या टक्क्यात आणि फळ्यावरच्या भावात तफावत बहुधा गर्दीच्या आळसातून निघते. पुण्याचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो. तिथल्या ओल्या, मऊ मैदानावर मागे पडलेला घोडा डिसेंबरात महालक्ष्मीच्या कोरड्या हिरवळीवर उतरतो, तेव्हा त्याच्या नावापुढचा ‘सातवा’ एवढाच शब्द वाचून लोक पान उलटतात. फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीला तर नवखी गर्दी नावाजलेल्या जॉकीवर पैसे ओतते आणि फेव्हरिटचा भाव उगाच आवळला जातो. तरी गर्दीला मूर्ख समजू नये. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या मदतीने प्रचंड पैसा मिळवणाऱ्या बिल बेंटर यांनीसुद्धा स्वतःच्या गणितात बाजारभाव मिसळूनच अंदाज पक्का केला होता. माझा टक्का फळ्याच्या दुपटीने निघाला, तर माझ्याच नजरेतून काहीतरी सुटले असावे, असे मी धरून चालतो.

घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. करआकारणीत मात्र त्या कौशल्याला सवलत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी स्पष्टपणे लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. वरच्या उदाहरणातल्या ६/१ च्या घोड्यावर शंभर लावायला आता १४० मोजावे लागतात आणि तो आला तर परत मिळतात सातशे. म्हणजे पैसे नुसते फिटण्यासाठी तो १४.३ टक्के नव्हे, तर बरोबर २० टक्के वेळा यायला हवा. माझा अंदाजही नेमका वीसच होता. २८ टक्क्यांच्या काळात तिथे थोडेफार सुटत होते. आज त्या घोड्यावर मी तिकीट काढणार नाही, आणि तोच पहिला येईल असे कोणी छातीठोकपणे सांगितले तरीही काढणार नाही.